छत्तीसच्या दोघी

दोन मैत्रिणी एकाच ठाणातलं कापड घेतात आणि एकाच शिंप्याकडे ब्लाउज टाकतात. दोघींची छाती ३६, कंबर ३०, उंचीही जवळपास सारखी. एकीचा ब्लाउज पहिल्या फटक्यात अंगावर बसतो. दुसरीच्या मुंढ्यापाशी चुण्या पडतात, पुढची खालची कड वर चढते, हुकपट्टी ताणली जाते आणि पाठीत मात्र कापड ढगळ राहतं. दुकानात तिला ऐकावं लागतं, "ताई, तुमचं अंगच तसं आहे, त्याला आम्ही काय करणार!" ती घरी येते, आणि दोष आपल्याच शरीराचा असं मनाशी धरून पुढची तीस वर्षं काढते.

माझ्या संशोधनाचा विषय कपड्याचं 'बसणं' हा आहे. अंगावर कापड कसं पडतं आणि त्यावरून कटिंग कसं ठरवायचं, हा त्यातला गाभ्याचा भाग. या दोघींचं कोडं तिथूनच सुटतं, म्हणून तो आज जरा सविस्तर सांगते. थोडी भूमिती येईल, पण कागद, कात्री आणि एक नारळ एवढ्यात भागेल.

आधी शिंपी काय करतो ते बघू. ब्लाउजचं पेपर कटिंग सूत्रांवर चालतं. छातीला चारने भागायचं, त्यात थोडं सैल धरायचं, वर शिवणीसाठी माया सोडायची. मुंढ्याची खोली, गळ्याची रुंदी हेसुद्धा पुष्कळदा छातीच्याच कुठल्या तरी अंशावरून काढतात. शिकवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, कुणी सहाने भागतं, कुणी आठने, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी: छातीचा एक आकडा हातात आला की निम्मा ब्लाउज त्यातून 'निघतो'. टक्सची रुंदीही त्यावरूनच ठरते, किंवा सरळ ठरावीक एक-सव्वा इंच घेतली जाते.

ही रीत वाईट नाही. झपाट्याने काम होतं, कापड वाया जात नाही आणि पुष्कळ बायकांना ती चालून जाते. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेलं आहे. ज्यांची छाती ३६, त्यांचा आकारही एक, असं ती धरून चालते. टेपला लांबी कळते, वळण कळत नाही. आणि ब्लाउज बसवायचा म्हणजे मुख्यतः वळणाचाच प्रश्न असतो.

आता तो नारळ घ्या. त्यावर साधा कागद चापून बसवायचा प्रयत्न करा. बसत नाही. एकीकडून दाबला की दुसरीकडे घड्या पडतात. कागदाची सुरळी होते, भेळेचा पुडा होतो, पण न चुरगळता तो नारळावर बसत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली याचं कारण सिद्ध करून दाखवलं. पृष्ठभागाला स्वतःची एक वक्रता असते आणि पृष्ठभाग न ताणता, न फाडता नुसता वाकवला तर ती बदलत नाही. सपाट कागदाची वक्रता शून्य, सुरळीचीही शून्य. नारळाची शून्य नाही. त्यामुळे एकाचं दुसरं होत नाही.

मग सपाट कापडातून उभार कसा काढायचा? भेळेच्या पुड्यातच उत्तर आहे. कागदाचा एक गोल कापा, त्यातून मध्यापर्यंत एक पाचर कापून काढा आणि उरलेल्या दोन कडा जोडा. शंकू तयार झाला. पाचर जितक्या अंशांची, तितकं टोक उंच. शिंप्याचा टक्स म्हणजे नेमकी हीच पाचर, फक्त ती कापून टाकण्याऐवजी आत दुमडून शिवलेली असते. टक्सची रुंदी आपण इंचात मोजतो खरी, पण शरीराशी हिशोब असतो तो तिच्या कोनाचा.

इथे आकडेमोड करून बघण्यासारखी आहे. सोयीसाठी उभार म्हणजे एक शंकू समजू. खरा आकार अर्थातच गोलसर असतो, पण मुद्दा तोच राहतो. पायथ्याची त्रिज्या ३ इंच धरू. एकीचा उभार १ इंच, दुसरीचा २ इंच. पहिल्या शंकूची तिरकी बाजू ३.१६ इंच येते आणि पाचर साधारण १८ अंशांची. दुसरीची तिरकी बाजू ३.६ इंच, आणि पाचर ६० अंशांची! उभार दुप्पट झाला, पण काढायचा कोन तिपटीहून जास्त.

आता हाच फरक टेपला किती दिसतो? टेप छातीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुलासारखी सरळ ताणली जाते, मधल्या खळग्यात ती उतरतच नाही. तिला फरक जाणवतो तो फक्त बाहेरच्या दोन उतारांवर. त्या दोन्ही उतारांचा हिशोब केला तर दोघींच्या मापात फरक येतो एक इंचाहूनही कमी. तेवढा तर पाठीच्या रुंदीत सहज भरून निघतो. म्हणजे रुंद पाठ आणि कमी उभार असलेली एक, आणि अरुंद पाठ आणि जास्त उभार असलेली दुसरी, दोघीही टेपवर ३६च. शिंपी मात्र दोघींच्या पुढच्या भागात तोच सव्वा इंचाचा टक्स घालतो. दुसरीला हवे असलेले बरेचसे अंश मिळतच नाहीत. मग कापड ते कुठून तरी ओढून घेतं: खालची कड वर खेचतं, हुकपट्टी ताणतं. मुंढ्यापाशी पडलेली चुणी म्हणजे तर न शिवलेला टक्सच असतो. बहुतेक वेळा तिचं टोक कुठे बोट दाखवतंय ते पाहिलं की टक्स कुठून हवा होता ते कळतं.

६० अंश एकाच टक्समध्ये घालता येणार नाहीत, हेही लक्षात घ्या. ४ इंच लांबीच्या एका टक्सला मग साडेचार इंचांहून जास्त रुंदी लागेल आणि छातीवर नरसाळं उभं राहील. तेच ६० अंश चार टक्समध्ये वाटले तर प्रत्येकाला साधारण एक इंच येतो. आपल्याकडचा चार टक्सचा ब्लाउज हे या हिशोबाचं उत्तर आहे, आणि ते कुठल्याही गणितज्ञाला न विचारता कुणीतरी शोधून काढलेलं आहे. टक्स टोकाच्या अलीकडेच थांबवतात तेही यासाठीच. टोक बोथट होतं आणि शंकूचा उभार गोलसर होतो.

टक्स कुठून घ्यायचा याला मात्र मोकळीक आहे. कागदी पॅटर्नवर जुना टक्स मिटवा, दुसऱ्या कुठल्याही कडेपासून छातीच्या टोकापर्यंत कात्री चालवा. तिथे आपोआप नवी पाचर उघडते, तितक्याच अंशांची. काखेतून घ्या, खांद्यातून घ्या, कमरेतून घ्या. लांब टक्सची रुंदी जास्त दिसेल, आखूडची कमी, कोन तोच. २० अंशांचा टक्स ४ इंच लांब असेल तर कडेला १.४ इंच रुंद, ८ इंच लांब असेल तर २.८ इंच. प्रिन्सेस कटमध्ये खांद्याचा किंवा मुंढ्याचा टक्स आणि कमरेचा टक्स टोकापाशी एकमेकांना भेटवून त्यांची एकच शिवण केलेली असते. कटोरी ब्लाउजमध्ये कोन दोन ठिकाणी लपवलेला असतो. वाटीची गोलाई आणि ती जिथे जोडायची तिथली गोलाई यांच्यातला फरक, आणि शिवाय वाटीखालचा छोटा टक्स. फॅशन बदलते म्हणजे पुष्कळदा एवढंच होतं, तेच अंश नव्या जागी जाऊन बसतात.

याची उलटी बाजूही आहे आणि मला ती जास्त आवडते. शरीरावर सगळीकडे उभारच नसतात. काखेत शरीर घोड्याच्या खोगिरासारखं वळतं, एका दिशेने आत आणि दुसऱ्या दिशेने बाहेर. तिथे कोन काढून चालत नाही, जास्तीचा घालावा लागतो. जुन्या बाराबंदीत किंवा सदऱ्यात काखेत बसवलेला चौबगला आठवा. हात वर केला तरी अंगरखा वर येत नाही तो त्या चौकोनी तुकड्यामुळे. कुडत्याच्या कळ्या हाही त्याच जातीचा प्रकार. टक्स अंश काढतो, कळी अंश घालते. कपडा शिवणं म्हणजे असे अंशांचे जमाखर्च मांडणंच आहे, असं मला हल्ली वाटायला लागलंय. (आणि साडी? तिथे कापणंच नाही. नऊ वार कापड जसंच्या तसं राहतं. जास्तीचं सगळं निऱ्यांमध्ये मोकळं सोडलेलं, रोज नव्याने जुळवायचं. अंग बदललं तरी साडी बसते ती म्हणून.)

पण इथवर मी एक लबाडी केली आहे. कापडाला कागद समजले. कापड कागद नाही. कागद नारळावर बसत नाही, पण जुन्या मऊ धोतराचा तुकडा घ्या, बराचसा बसतो. का?

विणलेल्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात, ताणा आणि बाणा. धाग्याच्या दिशेने ओढलं तर कापड फारसं ताणत नाही. पण तिरकं, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे ओढलं, तर सहज लांबतं. धागे लांब होत नाहीत, त्यांच्यामधला काटकोन बदलतो. १० सेंटिमीटर बाजूचा चौकोन घ्या. त्याचे कर्ण १४.१४ सेंटिमीटर. धाग्यांमधला ९० अंशांचा कोन ८० वर आणला तर एक कर्ण १५.३ होतो, दुसरा १२.९. दर शेकडा आठ-नऊचा फरक, आणि एकही धागा ताणलेला नाही. गळ्याला, मुंढ्याला शिंपी उरेब पट्टी, ज्याला सगळे 'क्रॉस पट्टी' म्हणतात, ती का लावतात याचं हे कारण. सरळ पट्टी गोलाईवर वळत नाही, उरेब वळते.

रशियन गणितज्ञ चेबिशेव याने १८७८ साली पॅरिसमध्ये याच विषयावर व्याख्यान दिलं, विषय चक्क 'कपड्यांचं कटिंग'! कापड म्हणजे न ताणणाऱ्या धाग्यांची जाळी, फक्त गाठीपाशी कोन बदलू शकणारी, असं त्याने मांडलं आणि अशा जाळीने चेंडू कसा मढवायचा ते दाखवलं. 'सोयीसाठी माणसाचं शरीर गोलाकार आहे असं समजू' असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि हे ऐकून शिंपी उठून गेले, अशी एक दंतकथा गणिताच्या वर्गांत सांगितली जाते. दंतकथाच असावी, पण त्या शिंप्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. असो. त्या जाळ्यांना आज चेबिशेवचं नाव आहे, आणि संगणकावर कापड पांघरवून दाखवणाऱ्या काही पद्धती अजूनही याच कल्पनेवर उभ्या आहेत.

ज्या बाईने ही गोष्ट गणिताशिवाय हाताने ओळखली ती म्हणजे मादलेन व्हियोने. जन्म १८७६चा, १९१२ साली पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं. ती कागदावर रेघा मारत बसायची नाही. एका लहानशा लाकडी बाहुलीवर कापड टाकून, फिरवून, टाचण्या लावून डिझाइन करायची आणि मग ते मोठं करायची. तिने अख्खा झगाच उरेब कापायला सुरुवात केली. कापड स्वतःच्या वजनाने लांबतं, त्यामुळे आडवं आक्रसतं आणि अंगाला लागून पडतं. टक्सचं बरंचसं काम धाग्यांमधला कोन बदलूनच होतं. याची किंमतही असते. उरेब भाग लोंबत राहून वाढतो. अंब्रेला घेराचा ड्रेस शिवणारे आपल्याकडचे चांगले टेलर तो एक-दोन दिवस लटकवून ठेवतात आणि मगच खालची कड कापतात. लगेच दुमडून दिला की महिन्याभरात घेर कुठे खाली, कुठे वर.

कापडावरच डिझाइन करायच्या या रीतीला ड्रेपिंग म्हणतात. यात सूत्र नाही. डमीवर किंवा प्रत्यक्ष अंगावर मांजरपाट घ्यायचा, त्यावर उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक रेघ आधीच आखून ठेवायची. उभी रेघ पुढच्या मध्यावर, आडवी छातीच्या टोकावरून. टोकापाशी टाचणी. मग हाताने कापड खांद्याकडे, मुंढ्याकडे, काखेकडे चापत न्यायचं. कुठेतरी जास्तीचं कापड गोळा होतंच. ते चिमटीत धरून टाचलं की टक्स तयार. तो किती अंशांचा हे आधी ठरवलेलं नसतं, अंगाने सांगितलेलं असतं. खुणा करून मांजरपाट खाली पसरला की त्यावरून पेपर कटिंग निघतं. टेपला जे कळत नाही, ते ड्रेपिंग थेट मोजतं.

वेळ मात्र खूप जातो. दिवसाला आठ-दहा ब्लाउज शिवून पोट भरणाऱ्या माणसाने प्रत्येकीसाठी मांजरपाट टाचत बसावा असं म्हणणं म्हणजे शहाणपणा शिकवणं झालं. शिवाय आपल्याकडे अनेक शिंपी पुरुष आहेत. अंगावर कापड टाचणं त्यांना आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही संकोचाचं. म्हणून माझं काम या दोन रीतींच्या मधलं आहे. टेपने घेता येतील अशी आणखी कुठली मापं घेतली की कोनाचा बऱ्यापैकी अंदाज येईल?

दोन मापं मला विशेष उपयोगी वाटतात. पहिलं, छाती पुढून आणि मागून वेगवेगळी मोजणं, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत. ३६ मधले पुढे किती, मागे किती हे कळलं तरी वरच्या दोघी लगेच वेगळ्या होतात. दुसरं, खांद्यापासून टक्स पॉइंटवरून खाली कमरेपर्यंतची लांबी, आणि तीच लांबी पाठीवरून. टक्स पॉइंट पुष्कळ शिंपी घेतातच, पण तिथेच थांबतात. वरची छाती, म्हणजे काखेतून उभाराच्या वरून घेतलेला घेर, आणि पूर्ण छाती यांच्यातला फरकही कामाचा आहे. जाणकार कारागीर तो विचारतात.

दुसरा अर्धा भाग कापडाचा. धाग्यांमधला कोन किती सहज बदलतो हे प्रत्येक कापडाचं वेगळं असतं. जपानमध्ये क्योतो विद्यापीठातल्या कावाबाता यांनी १९७०च्या दशकात हे अगदी कमी जोर लावून मोजायची यंत्रं बनवली. हाताला कापड कसं लागतं त्याचे आकडे त्यातून मिळतात. पण घरी करायची चाचणी सोपी आहे. कापड तिरकं धरून दोन्ही हातांनी हलकेच ओढा. क्रेप बराच लांबेल. खळ असलेलं कोरं सुती कापड जवळपास हलणार नाही, कारण खळीने धागे एकमेकांना चिकटलेले असतात. तेच कापड दोन-तीनदा धुतलं की हलायला लागतं. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते: कोऱ्या, खळीच्या मांजरपाटावर ड्रेपिंग केलं आणि ब्लाउज क्रेपचा शिवला, तर मांजरपाटाने सांगितलेला टक्स क्रेपला जास्त होतो. मांजरपाट आधी धुवून घ्यायचा तो आटण्यासाठी तर खराच, पण यासाठीही. आणि ज्या बाईला रेशमी ब्लाउज छान बसतो पण घट्ट विणीच्या खणाचा काचतो, तिचं कटिंग बहुधा मुळातच काही अंशांनी कमी असतं. रेशमाने ते सांभाळून घेतलं, खणाने घेतलं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ठेवलाय, कारण त्यावर माझं काम अजून चालू आहे. पेपर कटिंग नेहमी अर्ध्या अंगाचं होतं. कापड दुहेरी घडी घालून एकदाच कापलं जातं, म्हणजे डावं आणि उजवं सारखंच. पण एका खांद्यावर आयुष्यभर ओझं वाहिलेल्या बाईचे खांदे सारखे नसतात. कणा एका बाजूला वळलेल्या मुलीचे नसतात. वयाने पाठीला बाक आलेल्या आजीला मागे जास्त लांबी आणि खांद्याजवळ टक्स हवा असतो, पुढे लांबी कमी. तिला मिळतो तो तरुणपणीच्याच मापाचा ब्लाउज, जो मागून वर चढतो आणि पुढे गळ्याशी फुगतो. आणि कर्करोगामुळे एक स्तन काढावा लागलेल्या बाईला तर छातीचा एक आकडा काहीच सांगत नाही. तिच्या एका बाजूला ६० अंश हवे असतील, दुसऱ्या बाजूला जवळपास शून्य, आणि वर व्रणावर शिवण येऊ नये हेही बघायचं. घडी घालून कापलेल्या ब्लाउजात हे बसणार नाही.

इथे मात्र मी ड्रेपिंगच्याच बाजूची आहे, वेळ कितीही लागो. मांजरपाटाची घडी घालायची नाही, पुढचे दोन्ही भाग वेगवेगळे टाचायचे, त्यांवर 'डावा', 'उजवा' लिहायचं आणि ते कागदावर उतरवून त्या बाईच्याच हातात द्यायचे. पुढच्या वेळी ती कुठल्याही शिंप्याकडे गेली तरी तिला काही समजावून सांगावं लागत नाही. कागद कापडावर ठेवायचा, खडूने रेघ मारायची, कापायचं.